वादळ ओसरल्यावरची शाळा

गेल्या आठवड्यात एक शिक्षक रक्तदाब तपासून घ्यायला दवाखान्यात आले होते. बोलता बोलता त्यांनी विचारले, "डॉक्टर, आमच्या शाळेत प्रथमोपचाराची पेटी आहे. म्हणजे आपत्तीची तयारी झाली असे म्हणायला हरकत नाही ना?" बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो. त्यासाठी जरा लांबच्या, पॅसिफिक महासागरातल्या वानुआटू या देशात जावे लागेल.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला ऐंशीहून अधिक बेटांचा हा चिमुकला देश आहे. लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. भूकंप, ज्वालामुखी, चक्रीवादळ आणि त्सुनामी ही चारही संकटे त्याच्या वाट्याला आली आहेत. २०२३ च्या मार्च महिन्यात तर ज्युडी आणि केविन ही दोन चक्रीवादळे तीन दिवसांच्या आत तेथे येऊन गेली. अशा देशात शाळेची तयारी हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

माहितीने माणसे कशी वाचतात याचे उत्तम उदाहरण याच देशात घडले आहे. १९९८ च्या जुलै महिन्यात पापुआ न्यू गिनीमध्ये त्सुनामीने दोन हजारांहून अधिक बळी घेतले. त्या घटनेची चित्रफीत पुढच्या वर्षी वानुआटूच्या पेन्टेकोस्ट बेटावरील बे मार्टेली या किनाऱ्यालगतच्या गावात दाखवण्यात आली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये, मध्यरात्री मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटू लागला. गावकऱ्यांना चित्रफितीतले शब्द आठवले आणि ते उंचावर पळाले. लाटेने गाव उद्ध्वस्त केले, काही जीवही गेले. पण गावातली बहुतेक माणसे वाचली. एवढ्या मोठ्या बचावाला कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. आधी मिळालेली माहिती ऐन वेळी आठवली, एवढेच.

मुलांच्या बाबतीत मात्र नुसते सांगून भागत नाही, सराव करून घ्यावा लागतो. घाबरलेल्या मुलाला विचार करायला सुचत नाही, सवयीने हातपाय हलतात. हादरे बसू लागताच बाकाखाली शिरून डोके व मान झाकावी आणि बाकाचा पाय घट्ट धरावा. हादरे थांबले की रांगेने बाहेर पडावे. शाळा किनाऱ्याजवळ असेल आणि भूकंप जोराचा किंवा बराच वेळ चालणारा असेल, तर भोंग्याची वाट न पाहता उंच जागा गाठावी. पहिली लाट ओसरली म्हणून खाली येऊ नये, कारण पुढची लाट तिच्याहून मोठी असू शकते. गुरुजींनी हजेरीपत्रक बरोबर घ्यावे. कोण आले आणि कोण राहिले, हे त्याच कागदावरून कळते.

येथपर्यंत जीव वाचवण्याची गोष्ट झाली. डॉक्टर म्हणून मला जास्त काळजी वाटते ती त्यापुढच्या दिवसांची.

१३ मार्च २०१५ च्या रात्री पॅम नावाचे चक्रीवादळ वानुआटूवर आले. वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात होता. निम्म्याहून अधिक लोकसंख्येला त्याचा तडाखा बसला. तरी मृतांची संख्या पंधरा-वीसच्या आतच राहिली. वेळेवर सूचना मिळाल्यामुळे अनेक लोक शाळा, चर्च अशा पक्क्या इमारतींत आधीच गेले होते. पण जी शाळा निवारा होते, तिच्या वर्गांत चटया, चुली आणि ओले कपडे येतात. एका खोलीत अनेक कुटुंबे राहतात आणि दोन-चार संडासांवर सगळ्यांचा भार पडतो. रोगांना याहून चांगली संधी कोणती?

पहिला प्रश्न पाण्याचा. तेथील अनेक बेटांवर छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून पितात. छप्पर उडाले की पाण्याची सोयही जाते. २०१७ साली आंबे बेटावरील ज्वालामुखीमुळे सुमारे अकरा हजार रहिवाशांना, म्हणजे जवळजवळ साऱ्या बेटाला, घरे सोडून इतर बेटांवर जावे लागले. अशा वेळी टाकीतल्या पाण्यात राख पडते ती वेगळीच. खराब पाण्यातून जुलाब होतात, आणि लहान मूल जुलाबाने काही तासांत कोमेजते. तेव्हा पाणी उकळून प्यावे. जुलाब लागताच एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

दुसरा प्रश्न गोवराचा. गर्दीत हा रोग वणव्यासारखा पसरतो. म्हणूनच पॅमनंतरच्या मदतकार्यात मुलांना गोवराची लस आणि अ जीवनसत्त्वाची मात्रा देण्यात आली. तिसरा प्रश्न जखमांचा. उडालेले पत्रे व खिळे यांनी झालेली जखम लहान दिसली तरी धनुर्वाताचे भय असते. ती वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि लस केव्हा घेतली होती ते पाहावे. मुलांच्या लसीकरणाची नोंद शाळेतही असली, तर हा प्रश्न मिनिटात सुटतो.

चौथा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. वादळातून वाचलेले मूल रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, वारा सुटला की आईला बिलगते. त्याला रागावू नका, चिडवू नका. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात, आणि त्यांना सावरायला सर्वांत मोठी मदत होते ती रोजच्या शाळेची. घंटा, प्रार्थना, शेजारचा मित्र आणि मधली सुट्टी यांतून मुलाला कळते की जग अजून जागेवर आहे. म्हणून निवाऱ्याला दिलेली शाळा लवकर मोकळी करणे, आणि तोवर तंबूत किंवा झाडाखाली का होईना वर्ग भरवणे, हेही आरोग्याचेच काम आहे.

तर गुरुजी, पेटी जरूर ठेवा, तिच्यातली औषधे मुदतबाह्य झालेली नाहीत ना तेही पाहा. पण तयारी पेटीत मावत नाही. मुलांनी सराव केला आहे का, प्यायचे पाणी कुठून येणार, लसीची नोंद कुठे आहे, आणि वर्ग पुन्हा कधी व कुठे भरणार, या चार प्रश्नांची उत्तरे तुमच्याजवळ असतील, तरच शाळेची तयारी झाली असे मी म्हणेन.