काजूच्या तुकड्यांची गुळातली चिक्की



मार्च ते मे हा आपल्याकडे काजूचा हंगाम. बरीचशी बी आपण वाळवून व्यापाऱ्याला देतो. घरी थोडी फोडतो, त्यातले अख्खे गर मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत जातात. पाकळी आणि तुकडा मात्र डब्यात राहतो, पावसाळ्यात मऊ पडतो आणि शेवटी खवट होतो. चिक्कीला अख्खा गर लागतच नाही. तेव्हा हा तुकडा वाया का घालवायचा?

गर कसे घ्यावेत?
पूर्ण वाळलेले, साल काढलेले गर घ्या. उसळीचे ओले काजूगर चालणार नाहीत. बुरशी आलेला, खवट किंवा किडका तुकडा निवडून टाका. बी घरी भाजत असाल तर उघड्यावर भाजा आणि धुरापासून दूर रहा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून फोडताना हाताला खोबरेल चोळा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

साहित्य
काजूचे तुकडे ५०० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम, तूप २ चमचे, वेलचीपूड अर्धा चमचा.

कृती
१. तुकडे मंद आचेवर बदामी रंगावर भाजा आणि गरमच ठेवा. थंड गर घातले तर पाक लगेच आळतो आणि मिसळता येत नाही.
२. पाट किंवा ताट व लाटणे यांना आधीच तूप लावून ठेवा. नंतर वेळ मिळत नाही.
३. जाड बुडाच्या कढईत तूप व बारीक चिरलेला गूळ घाला. पाणी घालू नका. मध्यम आचेवर सतत ढवळा.
४. पाक झाला की कढई उतरवा. वेलची व तुकडे घालून भरभर कालवा, पाटावर ओता आणि लाटा.
५. गरम असतानाच सुरीने वड्या पाडा. गार झाल्यावर पाडायला गेलात तर चुरा होईल.

पाकाची परीक्षा
सगळी मेख इथेच आहे. वाटीत थंड पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाका. थेंब पसरला तर पाक कच्चा. मऊ गोळी झाली तर तो लाडवाचा पाक. थेंब कडक होऊन बोटांनी मोडताना ‘कट्’ असा आवाज आला, की चिक्कीचा पाक झाला. त्यापुढे क्षणभरही ठेवू नका, कडू होतो. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो, त्याला हात लावू नका.

माझ्या घरचा पहिला घाणा गोळीच्याच पाकावर उतरवला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या वड्या एकमेकींना चिकटून एकच ढेप झाली!

खारी दमट हवा
असं का होतं? गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. लोणावळ्याची चिक्की प्रसिद्ध आहे, पण आपली हवा समुद्राची. म्हणून चिक्की कोरड्या दिवशी, दुपारच्या वेळी करा. वड्या पूर्ण गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम वड्या भरल्या तर आत घाम सुटतो, आणि रात्रभर उघड्या ठेवल्या तर चिकट होतात. शक्यतो मृगापूर्वीच हे काम उरका.

विकायची असेल तर
आधी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी करा. पाकिटावर घटक, वजन आणि तयार केल्याची तारीख लिहा. तुकड्याचा भाव, गूळ, जळण, पाकीट आणि घरच्या बाईची मजुरी हे सगळं धरूनच किंमत ठरवा. मजुरी धरली नाही, तर नफा दिसतो पण हाती उरत नाही.

पहिल्यांदा पाव किलोचाच घाणा करा. पाक हाताखाली आला, की मग पुढचा विचार.