परत पाठवले तर काय होईल?
आश्रय मागणाऱ्यांविषयीचे काही गैरसमज

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. रशियाने त्यांना घरादारातून उचलून सैबेरियाकडे धाडले होते. तेथून सुटून ते इराणमार्गे आपल्याकडे पोचले. महायुद्ध १९४५ साली संपले, तरी त्यांच्यातले पुष्कळजण मायदेशी गेलेच नाहीत. तेथे आता रशियाच्या वर्चस्वाखालचे सरकार आले होते. त्यांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा परक्या मुलखांची वाट धरली.

‘परत गेलो तर आपले काय होईल?’ हा त्यांचा प्रश्न होता. आश्रय मागणाऱ्याचा अर्ज आजही मुख्यतः याच प्रश्नावर तपासला जातो. पण पारावर या विषयाच्या गप्पा निघाल्या की भलतेच समज ऐकू येतात. त्यांतले काही आपण पारखून पाहू.

‘पोटासाठी देश सोडला की झाला निर्वासित.’ तसे नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडची कितीतरी माणसे गाव सोडून मुंबई-पुण्याला गेली. धरणात गावे बुडाली, ती माणसे विस्थापित झाली. त्यांचे हाल खरेच होते, पण कायद्याच्या भाषेत ती निर्वासित नव्हती. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित तो, जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि ज्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या समाजगटात असणे किंवा राजकीय मत, यांपैकी कशामुळे तरी छळ होण्याची साधार भीती आहे. शिवाय त्याचे सरकार त्याला संरक्षण देत नाही, किंवा या भीतीमुळे तो ते मागू शकत नाही.

‘कागदपत्र नाही, म्हणजे खोटारडा.’ आपल्याला सातबारा हवा असला तर आपण तलाठ्याकडे जातो. पण ज्याच्या भीतीने माणूस रातोरात पळाला, त्याच्याकडेच दाखला मागायला तो जाणार कसा? म्हणून कागद असले तर पाहतात, नसले तर केवळ तेवढ्यावरून अर्ज फेटाळू नये असा दंडक आहे. अर्जदाराने खरे आणि सगळे सांगायचे. तपासणाऱ्यानेही माहिती शोधायची. हकिगत पटण्याजोगी असेल, तर उरलेल्या शंकेचा फायदा अर्जदाराला द्यायचा.

‘चोरवाटेने आला, म्हणजे गुन्हेगार.’ जीव वाचवायला निघालेल्याला पासपोर्ट आणि व्हिसा मिळेलच असे नाही. म्हणून करारात म्हटले आहे की, धोक्याच्या मुलखातून थेट आलेला माणूस विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि त्याने योग्य कारण दिले, तर केवळ विनापरवाना आल्याबद्दल त्याला शिक्षा करू नये.

‘रडून सांगितले की शिक्का मिळतो.’ काम इतके सोपे नाही. अर्जदाराला एकट्याला बसवून, दुभाष्यामार्फत, तासन्‌तास प्रश्न विचारतात. गाव कोणते, कोण धमकावत होते, कधी, कशावरून? मग त्या देशातल्या परिस्थितीच्या माहितीशी त्याचे सांगणे ताडून पाहतात. तारीख चुकली म्हणून लगेच खोटे ठरवत नाहीत. आपणही ‘पेरणीच्या सुमाराला’, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असेच सांगतो ना? भेदरलेल्या माणसाची आठवण तर आणखी विस्कटलेली असते. पण ज्याने युद्धगुन्हे किंवा तसेच घोर अपराध केले असतील, त्याला हे संरक्षण मिळत नाही. पुष्कळांचे अर्ज नामंजूरही होतात. तसे झाले तर फेरतपासणी मागता येते.

‘सगळे श्रीमंत देशांतच घुसतात.’ प्रत्यक्षात जगातले सुमारे दोन-तृतीयांश निर्वासित शेजारच्याच देशात राहतात. एकट्या बांगलादेशात म्यानमारमधून आलेले दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या आहेत. १९७१ साली त्याच भूमीतून, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, सुमारे एक कोटी माणसे आपल्याकडे आली होती. त्या वेळी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांना आठवत असेल.

आता आपल्या देशाविषयी. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार पाहत आले आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतून दिल्लीला पोचलेल्यांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक कार्यालय तपासते. पण जगण्याचा हक्क परकीयालाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले.

सांगायचे ते इतकेच. प्रत्येक अर्ज खरा मानू नये आणि प्रत्येक अर्जदाराला लबाडही ठरवू नये. खोट्याला होकार दिला तर ती चूक पुढे सुधारता येते. खऱ्याला परत धाडले आणि तिकडे त्याचा जीव गेला, तर ती चूक कोणी आणि कशी सुधारायची? म्हणूनच ही तपासणी इतक्या सबुरीने करावी लागते. पुढच्या वेळी पारावर हा विषय निघाला, तर एवढे जरूर सांगा.