संगणकावर नकाशे काढणाऱ्यांनो, पडदा आपल्या सोयीने मांडा

कापडाच्या दुकानात गादीवर बसणाऱ्याच्या उजव्या हाताला मीटरपट्टी आणि कात्री असते. रोज खपणारे थान हाताशी, लग्नसराईचा माल वरच्या फळीवर आणि क्वचित लागणारा माल पोटमाळ्यावर. गिऱ्हाईक ताटकळू नये एवढाच त्यामागचा हेतू. संगणकावर नकाशे काढणाऱ्या आपल्या तरुणांना मात्र ही साधी गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. क्लासमध्ये ऑटोकॅड शिकवतात, रेघ कशी ओढावी, वर्तुळ कसे काढावे ते दाखवतात. पण पडदा कंपनीने जसा दिला तसाच ठेवून मुलगा कामाला लागतो.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत नकाशांचे काम कायम निघते. यंत्रमागाची शेड बांधायची असो, गोदामाला परवानगी घ्यायची असो, बँकेत कर्जाचा अर्ज द्यायचा असो, नकाशा लागतोच. हे काम बऱ्याचदा नगावर, म्हणजे एका नकाशाचे इतके पैसे, अशा हिशेबाने होते. समजा, दिवसभरात तीनशे वेळा हुकूम द्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी चिन्ह शोधण्यात चार सेकंद जातात. झाली की वीस मिनिटे! महिन्याचे २५ दिवस धरले तर आठ तासांहून अधिक, म्हणजे एका पूर्ण दिवसाची मजुरी नुसत्या शोधाशोधीत गेली.

ऑटोडेस्क कंपनीने ऑटोकॅड १९८२ साली आणले. तेव्हापासून त्याचे रूप अनेकदा बदलले. आपल्या कामाचा बदल २००५ मध्ये आला. त्या वर्षी निघालेल्या ऑटोकॅड २००६ मध्ये ‘वर्कस्पेस’ ही सोय मिळाली. कोणते मेनू दिसावेत, कोणते टूलबार कुठे बसावेत, कोणती पॅलेट उघडी राहावी, ही सगळी मांडणी एका नावाखाली जपून ठेवायची आणि हवी तेव्हा परत बोलवायची, असा हा प्रकार आहे. कंपनी स्वतः तीन मांडण्या देते. एक साध्या नकाशांसाठी, दोन त्रिमितीय कामासाठी. पडद्याच्या खालच्या पट्टीत उजवीकडे दातेरी चाकाचे चिन्ह असते, त्यावर टिचकी मारली की यादी उघडते.

आपली मांडणी करणे अवघड नाही. नको असलेल्या पॅलेट बंद करा, हव्या असलेल्या ओढून डाव्या किंवा उजव्या कडेला चिकटवा. उर्दूत उजवीकडून लिहायची सवय असलेल्याला पॅलेट उजवीकडे बरी वाटते असा माझा समज आहे, पण ज्याचे त्याने ठरवावे. मग त्याच दातेरी चाकाच्या यादीतून ‘सेव्ह करंट अॅज’ निवडा आणि नाव द्या. त्याच यादीत वर्कस्पेस सेटिंग्जमध्ये आणखी एक निवड असते. मांडणीतले बदल आपोआप जपायचे की नाहीत? नाही म्हणणे शहाणपणाचे. म्हणजे चुकून काही सरकले तरी तेच नाव पुन्हा निवडताच मूळ मांडणी परत येते. सगळे बसल्यावर खालच्या पट्टीतले कुलूप लावावे, मग टूलबार आणि पॅलेट धक्क्याने हलत नाहीत. मोठा नकाशा पाहायचा असेल तेव्हा कंट्रोल आणि शून्य ही बटणे एकत्र दाबली की पट्ट्या बाजूला होऊन पडदा मोकळा होतो. पुन्हा दाबली की सर्व जागेवर.

शेडचे नकाशे काढणाऱ्यांनी टूल पॅलेट जरूर वापरावी. ५२ इंची मागाचे चित्र, खांब, दरवाजा, विजेचा बोर्ड हे एकदा नीट काढून ब्लॉक म्हणून जपायचे आणि पॅलेटवर ठेवायचे. नंतर ते तिथून ओढून नकाशात सोडले की झाले. चाळीस मागांची शेड असेल तर याचा फायदा वेगळा सांगायला नको.

माझ्या मते सर्वात मोठा लाभ आखूड अक्षरांचा आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी मेनूला बिचकतात. पण ऑटोकॅड चालवायला इंग्रजी वाक्ये लागत नाहीत. रेघेला ‘एल’, वर्तुळाला ‘सी’, सरकवायला ‘एम’, नकलेला ‘सीओ’, छाटायला ‘टीआर’ इतकेच टाइप करून एंटर दाबायचे. ही अक्षरे ‘पीजीपी’ नावाच्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहिलेली असतात आणि ती बदलता येतात. कोणाला नक्कल जास्त लागत असेल तर तो ‘सी’ हे अक्षर नकलेला देऊ शकतो. आपल्या ओळी फाइलच्या शेवटी लिहाव्यात, कारण तेच अक्षर दोनदा आले तर नंतरची ओळ चालते. डाव्या हाताला अक्षरे आणि उजव्या हाताला माऊस, अशी सवय झालेला कारागीर मेनूकडे क्वचितच पाहतो.

पण केलेली मांडणी कायम राहील या भरवशावर बसू नये. २००८ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००९ पासून वरती ‘रिबन’ आले. तरी ‘क्लासिक’ नावाची जुनी मांडणी काही वर्षे सोबत होती. २०१४ मध्ये निघालेल्या ऑटोकॅड २०१५ मधून ती काढून टाकली गेली. ज्यांचा हात जुन्या टूलबारवर बसला होता, त्या वयस्क ड्राफ्ट्समनची यात मोठी पंचाईत झाली. काम येते, पण हत्यार सापडत नाही! अशा वेळी मालकाला वाटते की माणूसच मंद झाला. खरे तर जुने टूलबार आत शिल्लक आहेत. ‘मेनूबार’ टाइप करून १ दिला की जुना मेनू येतो, त्यातील टूल्समधून टूलबार एकेक बाहेर काढता येतात, ‘रिबनक्लोज’ने रिबन जाते. मग ही मांडणी आपल्या नावाने जपायची. अर्ध्या तासाचे काम आहे, मालकाने तेवढा वेळ द्यायला हवा.

एकाच संगणकावर दोन पाळ्यांत दोघे बसत असतील तर दोघांची वेगळी नावे ठेवावीत, रोजची कुरकुर थांबते. ‘सीयूआयएक्स’ ही मांडणीची फाइल, ‘पीजीपी’ फाइल आणि ऑप्शन्समधून काढलेली प्रोफाइलची ‘एआरजी’ फाइल, या तीन पेनड्राइव्हवर उतरवून घराच्या कपाटात ठेवाव्यात. संगणक बिघडला, कोणी सेटिंग मूळपदावर नेली किंवा नोकरी बदलली, तर दुसऱ्या यंत्रावर पहिल्या दिवसापासून हात चालू लागतो. मात्र नव्या जागी मालकाला विचारूनच त्या चढवाव्यात. आवृत्ती फार जुनी-नवी असेल तर आधी एका रिकाम्या नकाशावर सर्व अक्षरे तपासून घ्यावीत.