माळरानाचें शास्त्र

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांतून उन्हाळ्यांत जाणाऱ्या शहरवासी प्रवाशास दुतर्फा पिवळें, उजाड माळरान दिसतें, आणि येथें झाडें लावलीं पाहिजेत असा सद्‌विचार त्याच्या मनांत येतो. नेमका हाच विचार वनस्पति-परिस्थितिशास्त्रज्ञास चिंतेचा वाटतो. असें कां, हें त्याच्या व्यवसायाकडे पाहिल्यास कळेल.

वनस्पतिशास्त्रज्ञ झाडझुडूप ओळखतो; परिस्थितिशास्त्रज्ञ तें कोणत्या मातींत, किती पावसावर आणि कोणाच्या संगतींत वाढतें याचा शोध घेतो. माळावर मीटरभर लांबीरुंदीची चौकट ठेवून तींतील प्रत्येक जातीचे ठोंब तो मोजतो, आणि वर्षानुवर्षें हीच मोजणी पुन्हा करतो. पवना, मारवेल हीं सकस, बहुवर्षायु गवतें दाट असलीं तर माळ निरोगी. अतिचराईनें तीं हटून कुसळी माजली तर माळ खालावला, असें त्याचें निदान असतें.

भारतांत या विद्येचा पाया घालणाऱ्यांत पी. एम. दबडघाव यांची गणना होते. त्यांनीं व के. ए. शंकरनारायण यांनीं देशभरच्या पाहणीवरून १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गवताळ प्रदेशांचे ५ प्रकार पाडले. दख्खनचें माळरान त्यांतील पवना-मारवेल प्रकारांत मोडतें. तें ओसाड झालेलें अरण्य नव्हे, ही गोष्ट अशा अभ्यासानेंच ध्यानांत येते.

कर्जतजवळील रेहेकुरी अभयारण्य १९८० सालीं काळविटांसाठीं राखण्यांत आलें. त्याचें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. काळवीट शत्रूला दुरून पाहतो आणि वेगानें पळतो. त्यास मोकळें मैदानच हवें. माळढोक तर उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालतो. तेथें गिरिपुष्प वा सुबाभूळ लावणें म्हणजे कावळ्यास टेहळणीची जागा देणें होय.

माळढोकासाठीं १९७९ सालीं सोलापूर व नगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत गांवें आणि शेतेंहि आलीं. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडून शेतकरी नाराज झाले, आणि पुढें तें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. माळढोक मात्र महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे.

यास्तव या शास्त्रज्ञास गवताइतकीच माणसांचीहि ओळख ठेवावी लागते. कोणता माळ किती काळ राखावा, गवत केव्हां कापावें, धनगराचीं मेंढरें कोठें आणि किती चरावीं, हें गांवकऱ्यांशीं बोलून ठरवावें लागतें. पुढील वर्षीं चौकटींत पवन्याचे ठोंब वाढलेले दिसले, म्हणजे त्याच्या श्रमांचें चीज झालें.