मोट, मोटर आणि खोली

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ झाले की ‘कार्य आणि ऊर्जा’ येते. उदाहरणात कुणी ठोकळा ढकलतो, कुणी चेंडू फेकतो. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पोरांना इतक्या लांब जायची गरज नव्हती. पर्जन्यछायेतला हा मुलूख विहिरींवर जगला आणि विहिरीवर बैलांनी ओढायची पाण्याची मोट होती.

समजा, मोटेत 150 लिटर पाणी आणि विहीर 12 मीटर खोल. बल 150 गुणिले 9.8, म्हणजे 1,470 न्यूटन. 12 मीटर वर आणायचे, म्हणून कार्य 17,640 ज्यूल. इथपर्यंत कुणालाही जमते. खरी गंमत धावेत, म्हणजे बैलांच्या उतरत्या वाटेत आहे. बैल ओढतात ते उतारावरून. सहा फुटांना एक फूट उतार आणि जोडीचे वजन 800 किलो धरा, तर उताराच्या दिशेने नुसते वजनच सुमारे 1,307 न्यूटन ओढते. वर मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर बसून स्वतःचा भार घालतो तो वेगळाच. पाणी थारोळ्यात पडते, पाटाला लागते. म्हणजे काम फुकटात झाले? छे! बैलांना उलट्या पावली धाव चढून परत यावे लागते. 12 मीटर धावेतली दोन मीटरची ती चढण 15,680 ज्यूल वसूल करते. धाव बांधणाऱ्याला ‘ज्यूल’ माहीत नव्हता, पण बैलाला कुठे वजन वापरू द्यायचे आणि कुठे पाय, हे त्याने अचूक ओळखले होते.

मिनिटाला एक मोट धरली, तर शक्ती 294 वॅट. अश्वशक्ती 746 वॅटची, म्हणजे दोन बैल मिळून अर्धा घोडाही नाही! (जेम्स वॉटने हे माप आपले इंजिन विकण्यासाठी पुढे केले होते, त्याच्या घोड्यांबद्दल मला नेहमीच शंका वाटत आली आहे.)

मग ऑईल इंजिने आली, मागोमाग विजेच्या मोटरी. शाळेतली मापेही त्याच सुमारास पालटली. मेट्रिक पद्धतीचा कायदा 1956 चा. आधीची पिढी फूट-पौंडात अडकायची, नंतरची न्यूटन आणि किलोग्रॅममध्ये गोंधळ घालू लागली. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे 3,730 वॅट. निम्मी शक्ती वाया गेली असे मानले, तरी मोटेएवढे पाणी साडेनऊ सेकंदांत वर. धाव ओस पडली.

पण सूत्रात खोलीही असते, तिचा विसर पडला. विहिरी आटल्या, बोअर आल्या. पाणी 120 मीटरवर गेले की त्याच 150 लिटरला दहापट ज्यूल लागतात. तीच मोटर आता त्याला 95 सेकंद घेते. बारा मीटरच्या विहिरीवरची बैलजोडी साठ सेकंद घेत होती.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने, तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने, हे गणित दुसऱ्या टोकाकडून धरले. शेतीसाठी बोअर बंद, डोंगरावर समतल चर, ऊस आणि केळीला मनाई, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. बाकीचे मोटरीची अश्वशक्ती वाढवत होते, तेव्हा हे गाव खोली कमी करायच्या मागे लागले. पाणी बारावरून सहा मीटरवर आले, तर 17,640 चे 8,820 होतात. मोटर बदलावी लागत नाही.