पाण्याआधी उजेड मोजा

रोपवाटिकेतून ॲग्लोनिमाची कुंडी घेताना दोन सूचना हमखास मिळतात. एक, याला ऊन लागत नाही, घरात कुठेही ठेवा. दुसरी, आठवड्यातून दोनदा पाणी घाला. सुट्या सुट्या घेतल्या तर दोन्हींत फारसे वावगे नाही. एकत्र पाळल्या की मात्र झाड जाते, आणि तेही इतक्या सावकाश की नेमके कशाने गेले ते कळत नाही. पाने पिवळी पडून खाली झुकतात, घरातली माणसे ती तहान समजतात आणि आणखी एक तांब्या ओततात. खरे तर कुंडीतल्या झाडाची तहान त्याच्या पानांवर पडणाऱ्या उजेडावर ठरते, आठवड्याच्या वारांशी तिचा काही संबंध नसतो. ॲग्लोनिमाच्या निगेतल्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

मुळात ‘ऊन लागत नाही’ म्हणजे काय ते पाहू. ॲग्लोनिमा हा आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला. हाइनरिश शॉट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये या प्रजातीला नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो ‘तेजस्वी धागा’, आणि तो धागा म्हणजे फुलातला पुंकेसर. आज हे झाड फक्त पानांसाठी पाळले जाते आणि फुलाचा दांडा दिसताच खुडला जातो, त्यामुळे नाव जरा गमतीचेच ठरले आहे. दक्षिण चीनपासून न्यू गिनीपर्यंतच्या दमट जंगलांत, उंच झाडांच्या तळाशी त्याचे घर. तिथे माथ्यावरच्या उजेडापैकी एक-दोन टक्केच जमिनीवर पोचतो. एक-दोन टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण भर दुपारचे ऊन सुमारे १ लाख लक्स असते, म्हणजे जंगलाच्या तळाशीही हजार-दोन हजार लक्स मिळतात. दिवाणखान्यात खिडकीपासून दूर, सोफ्यामागच्या कोपऱ्यात दिवसा शंभर लक्सही असतील याची खात्री नाही. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली विस्फारून ते अंधुकात चटकन रुळतात. पानाला ती सोय नाही. आपल्याला ‘चांगला उजेड’ वाटणारा कोपरा या झाडाच्या जंगलातल्या सावलीपेक्षाही कितीतरी काळोखा असतो.

अशा कोपऱ्यात झाड तगते ते काटकसरीवर. प्रकाशसंश्लेषणातून जेवढी साखर तयार होते तेवढीच श्वसनात खर्च होते, त्या उजेडाच्या पातळीला भरपाई बिंदू म्हणतात. ॲग्लोनिमाचा हा बिंदू बराच खाली आहे, शिवाय जाड खोडात थोडी शिल्लकही असते. उजेड त्याहून कमी झाला तरी झाड महिनोन् महिने ती शिल्लक मोडून खाते आणि हिरवेगार दिसत राहते. पण या काळात पर्णरंध्रे फारशी उघडत नाहीत, बाष्पोत्सर्जन मंदावते आणि मुळांचे पाणी ओढणे जवळजवळ थांबते. आपण मात्र ठरल्या वारी पाणी घालत असतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू झिरपतो. मुळे गुदमरतात, दुबळ्या मुळांवर पिथियमसारखे बुरशीसदृश जीव तुटून पडतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही, म्हणून ओल्याकच्च मातीत उभे असूनही पाने तहानलेल्यासारखी मान टाकतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे: बिनखिडकीच्या कार्यालयांत हीच झाडे वर्षानुवर्षे टवटवीत कशी? एक तर तिथे डोक्यावरचे दिवे तीनशे ते पाचशे लक्स देतात, तेही रोज दहा-बारा तास, न चुकता. घरातला कोपरा याच्या जवळपासही येत नाही. दुसरे म्हणजे अनेक ठिकाणी त्या कुंड्या भाड्याच्या असतात. मलूल झालेले झाड गुपचूप उचलून नवे आणून ठेवले जाते, आणि बघणाऱ्याला तेच झाड टिकल्यासारखे वाटते. दुसरा आक्षेप कुंडीच्या तळाशी खडे घालणाऱ्यांचा: निचरा झाला की पाणी जास्त झाले तरी काय बिघडले? पण बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते वरच अडून राहते. खड्यांमुळे ओला थर नाहीसा होत नाही, उलट वर सरकून मुळांच्या आणखी जवळ येतो. कुंडीला भोक असावे आणि मिश्रणच भरड, भुसभुशीत असावे, हे त्याहून खात्रीचे.

तेव्हा कुंडी आधी खिडकीजवळ सरकवावी, पण पश्चिमेचे थेट ऊन टाळावे, त्याने पाने करपतात. मग पाण्याचा निर्णय बोटावर सोपवावा. दोन पेरे आत माती कोरडी लागली तरच पाणी, आणि तेव्हा मात्र भोकातून वाहेपर्यंत. तीच कुंडी मे महिन्यात तीन-चार दिवसांत सुकेल आणि जुलैच्या ढगाळ, दमट हवेत दोन आठवडेही ओली राहील. लाल-गुलाबी जातींना तर उजेड अधिकच हवा. इंडोनेशियाचे ग्रेगोरी हंबाली यांनी १९८०च्या दशकात सुमात्रातल्या रोटुंडम या लालसर जातीच्या संकरातून ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ घडवला, आणि तिथून रंगीत ॲग्लोनिमांचे पेव फुटले. त्या झगमगीत पानांत हरितद्रव्य कमी, म्हणजे साखर करणारे कामगारच कमी. अंधारात ठेवल्यावर नवी पाने हिरवट येऊ लागली, तर विक्रेत्याने फसवले असे समजू नये. थंडीचाही विसर नको: निफाडकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा बाहेरच्या कुंडीतल्या पानांवर काळपट, तेलकट डाग पडतात.

हवा शुद्ध करण्यासाठी हे झाड बिछान्याजवळच ठेवले पाहिजे, हा आग्रहही तपासून पाहण्याजोगा आहे. त्याचे मूळ नासाच्या १९८९ मधल्या प्रयोगांत आहे, पण ते प्रयोग हवाबंद पेट्यांत झाले होते. नंतरच्या अशा अनेक प्रयोगांचा फेरआढावा कमिंग्ज आणि वेरिंग यांनी २०१९ मध्ये घेतला, तेव्हा इमारतीत एरवी खेळणाऱ्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील असे निघाले. म्हणजे खिडकी उघडावी. झाडालाही उजेड तिथेच आहे. बाकी कुटुंबाचा खवखवणारा गुण यातही आहे: अळूला चिंच लावायला भाग पाडणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक या पानांतही असतात, तेव्हा रांगते मूल आणि मांजर यांच्यापासून कुंडी उंच ठेवावी.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. पाण्याने मुळे मरत असतील, तर ॲग्लोनिमाची फांदी काचेच्या बरणीत नुसत्या पाण्यावर महिनोन् महिने कशी जगते? बरणीतल्या स्वच्छ, अधूनमधून बदललेल्या पाण्यात कुजणारा पालापाचोळा नसतो, त्यामुळे तिथला मोजका प्राणवायू सूक्ष्मजीव फस्त करत नाहीत. ओल्या मातीत ते नेमके हेच करतात. शिवाय पाण्यातच फुटलेल्या मुळांत हवेच्या पोकळ्या अधिक असतात, मातीत वाढलेल्या मुळांना ती तयारी अचानक जमत नाही. उलट दिशेनेही तेच घडते: बरणीतली फांदी कुंडीत लावली की काही आठवडे ती रुसल्यासारखी थबकते, पाणमुळे झडतात, आणि मातीसाठी वेगळी मुळे फुटल्यावरच नवे पान सुरळी सोडते.