अजिंठा: आधी वरून पाहा

अजिंठ्याला आलेलं कुटुंब पहिल्या लेण्यात शिरतं, सव्विसाव्यापर्यंत दमतं आणि बसच्या रांगेत उभं राहतं. समोरच्या डोंगरावरचा व्ह्यू पॉइंट राहूनच जातो. माझं मत उलट आहे: आधी डोंगर, मग लेणी.

कुठून चढायचं

फर्दापूर फाट्यावर गाडी लावून लेण्यांकडच्या बसने आत जायचं. तिथून पूल ओलांडून वाघोरा नदीपलीकडे गेलं की वाट वर चढते. चढ दमवतो, पण अवघड नाही; मुलांना घेऊन रमतगमत अर्धा-पाऊण तास धरावा. आजी-आजोबांचे गुडघे कुरकुरत असतील तर अजिंठा गाव आणि फर्दापूर यांच्यामधल्या रस्त्यावरून व्ह्यू पॉइंटचा फाटा फुटतो. तिथून गाडी थेट माथ्याजवळ जाते.

वरून काय कळतं

लेण्यांत फिरताना एकेक दालन सुटं दिसतं. वरून मात्र घोड्याच्या नालेसारखा वळलेला, सुमारे ७५ मीटर उंचीचा काळा कडा आणि त्यात ओळीनं कोरलेली तीस लेणी एका नजरेत येतात. आज लेण्यांना जोडणारी पायवाट अलीकडची. पूर्वी जवळपास प्रत्येक लेण्यातून नदीकडे उतरणारा स्वतंत्र जिना असे. १६ व्या लेण्याखालचे दोन दगडी हत्ती अशाच एका जिन्यावर आहेत. म्हणजे भिक्षूंचा खरा रस्ता नदीच होती, आणि हे उमगायला उंचीवरच जावं लागतं.

२८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला निघालेला मद्रासच्या सैन्यातला अधिकारी जॉन स्मिथ याला दरीपलीकडून १० व्या लेण्याची कमान दिसली, असं सांगतात. तो आत गेला आणि आपलं नाव व तारीख खांबावर, चित्रावरच कोरून आला! तेव्हा जमिनीवर गाळ-मातीचा थर होता. त्यामुळे आज ती अक्षरं हाताला न लागण्याइतकी उंचावर आहेत. मुलांना ती शोधायला लावा. कोरू नये ते का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाणी

इथं पसरलेलं तळं नाही, पाणी आहे ते उभं. दरीच्या टोकाला वाघोरा सात टप्प्यांत कोसळते, तेच सप्तकुंड. पुढे ही नदी वाघूर होऊन तापीला मिळते. वाटेत वाघूर धरणात अडलेलं तिचं पाणी जळगाव शहर पितं.

केव्हा जावं

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धबधबा भरात असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. जोराच्या पावसात खालून चढूच नये. उन्हाळ्यात दरी कोरडी आणि दगड तापलेले. लहान मुलं बरोबर असतील तर ऑक्टोबर उत्तम. लेणी सोमवारी बंद असतात. खाऊची पिशवी मुलांच्या हातात देऊ नका, वानरं थेट ओढतात. आणि कड्याला मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून धूर, दगडफेक, आरडाओरडा टाळा.